ढवळणीच्या यंत्राला मोटर किती अश्वशक्तीची?

एखाद्या कारखान्यात मोठे ढवळणीचे यंत्र बसवावयाचे ठरले, म्हणजे त्याच्या पात्याचा आकार, फेऱ्यांची संख्या, ढवळावयाच्या द्रव्याची प्रकृती आणि ते द्रव्य थंड झाल्यावर कोणते रूप धारण करते, यांपैकी कशाचीही चौकशी होण्यापूर्वीच खरेदीखात्याच्या टेबलावर ‘मोटर किती एच.पी.ची?’ हा प्रश्न येऊन पडतो, आणि बहुधा मागील मागणीपत्रावरचा आकडा पाहून, त्यात थोडी भर घालून, त्याचे उत्तरही त्याच दिवशी दिले जाते. वास्तविक अश्वशक्तीचा आकडा हा या सगळ्या हिशेबाचा शेवट आहे. त्याला आरंभी बसविल्यामुळे जो घोटाळा होतो त्याची किंमत पुढे वीस-पंचवीस हंगाम वीजबिलात, गिअरच्या मोडक्या दात्यांत आणि रिवाइंडिंगच्या खर्चात हप्त्याहप्त्याने चुकती होत राहते.

हा प्रश्न पारखून पाहण्यास खानदेशाइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. चोपडा तालुक्यात चहार्डी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तापी ओलांडून अमळनेरास गेले, की २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजींनी स्थापन केलेल्या आणि पुढे विप्रो या नावाने जगभर गेलेल्या कंपनीचे, वनस्पती तुपाचे मूळ ठाणे लागते. आणि जळगावास भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपांचा जो उद्योग आरंभिला त्याच्या पाठोपाठ प्लास्टिकच्या नाना धंद्यांनी तेथील औद्योगिक वसाहत भरून गेली. साखरेचा घट्ट पाक, वायू मिसळलेले तप्त तेल आणि कोरडी भुकटी अशी ढवळणीची तीन टोके दीड-दोन तासांच्या वाटेवर एकत्र आली आहेत, आणि तिन्ही ठिकाणी मोटर निवडण्याचा न्याय अगदी वेगवेगळा आहे.

ढवळणीस लागणाऱ्या शक्तीचे शास्त्र तसे फार जुने नाही. नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची रेघ सोडून ती कोठवर सरळ राहते व कोठे विस्कटते हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये दाखविले, आणि घनता, वेग, आकार व चिकटपणा यांचे गुणोत्तर त्यांच्या नावाने चालू झाले. परंतु तोच हिशेब फिरत्या पात्यांना लावून, निरनिराळ्या आकारांच्या पात्यांसाठी कारखान्यात वापरता येतील असे आलेख रश्टन, कॉस्टिच आणि एव्हरेट या त्रयीने अमेरिकेत प्रसिद्ध केले ते १९५० साली, म्हणजे इकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना पहिल्या गाळपाच्या तयारीत होता त्याच सुमारास. ढवळता ढवळता सैल होणाऱ्या पाकासारख्या द्रव्यांचा हिशेब कसा करावा हे मेट्झनर व ऑटो यांनी १९५७ मध्ये सांगितले. तोपर्यंत ‘हजार गॅलनांस अमुक अश्वशक्ती’ हा ठोकताळाच शिरस्ता होता, आणि जुन्या साखर कारखान्यांत तर घट्ट पाक फिरवीत थंड करणाऱ्या कुंडांच्या, म्हणजे क्रिस्टलायझरच्या, रांगेवरून एकच लाइनशाफ्ट जाऊन तिच्यावरच्या वर्मने एकेक कुंड फिरत असल्याने, एखाद्या कुंडाने हट्ट धरला तरी शेजारच्या सैल कुंडांची उरलेली शक्ती त्याच्या कामी येई. प्रत्येक कुंडाला स्वतंत्र मोटर आली तेव्हा ही उसनवारी संपली आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा करणे भाग पडले.

या शास्त्राचा जो गाभा कारखान्याला लागतो तो दोन वाक्यांत मावतो. द्रव्य पातळ असून खळाळत फिरत असेल, तर लागणारी शक्ती घनतेच्या पटीत, फेऱ्यांच्या घनाच्या पटीत आणि पात्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या पटीत वाढते, आणि या सर्वांना पात्याच्या आकाराचा एक गुणांक लावावा लागतो, जो चकतीवर उभ्या पट्ट्या बसविलेल्या पात्याला पाचाच्या आसपास, ४५ अंशांत कललेल्या चार पात्यांना सुमारे १.३ आणि जहाजी पंख्याला ०.३५ इतका कमी असतो. द्रव्य इतके घट्ट असेल की त्यात भोवरा उठूच शकत नाही, तर घनता निष्प्रभ होते आणि शक्ती चिकटपणाच्या पटीत, फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत व व्यासाच्या घनाच्या पटीत जाते.

पहिल्या वाक्याचा प्रत्यय पाहावयाचा तर साखर कारखान्यातच रसशुद्धीसाठी लागणाऱ्या चुन्याच्या दुधाच्या टाकीपाशी उभे राहावे. १५ बॉमेचे दूध, घनता पाण्याच्या सव्वापटीहूनही कमी, म्हणजे घनमीटरास सुमारे १,१०० किलो, पाते ०.९ मीटर व्यासाचे, चार कललेल्या पट्ट्यांचे. फेरे मिनिटाला ९०. हिशेब केला म्हणजे दांड्यावर सुमारे २.८५ किलोवॅट लागतात, गिअर व सीलमधील घट धरून मोटरवर ३.२ च्या आत-बाहेर येतात, आणि ३.७ किलोवॅटची, म्हणजे पाच एच.पी.ची मोटर येथे शोभून दिसते. पुढे पट्ट्या झिजतात; ऑफ-सीझनच्या दुरुस्तीत मिस्त्री नव्या कापतो, आणि ‘दहा सेंटिमीटर मोठे केले तर ढवळणी चांगली होईल’ या सद्हेतूने व्यास एक मीटर करतो. व्यासात वाढ अवघी अकरा टक्के. परंतु पाचव्या घाताने शक्ती जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढून मोटरवर ५.४ किलोवॅट येतात, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ओव्हरलोड रिले वारंवार पडू लागतो, आणि ठपका मात्र मोटरवर, फार तर वायरमनवर येतो. पात्याचा व्यास बदलण्याचा अधिकार कोणास असावा, याचा लेखी हुकूम ज्या कारखान्यात असेल तेथील मोटरी कमी जळत असतील, असा माझा तर्क आहे.

आता त्याच कारखान्याच्या पॅन हाउसमधून खाली उतरून क्रिस्टलायझरकडे यावे. साखरेचे शेवटचे दाणे आणि मळी यांचे मिश्रण असलेले सी-मॅसेक्युईट पॅनमधून सुटते तेव्हा ६८-७० अंशांवर असते, आणि मळीत विरघळून राहिलेली साखर दाण्यांवर बसावी म्हणून ते दिवसभर सावकाश फिरवीत ४०-४२ अंशांपर्यंत थंड करावयाचे असते. उसाच्या सात ते नऊ टक्के भरणारे हे द्रव्य अडीच हजार टन गाळपाच्या कारखान्यात रोज दोनशे टनांच्या घरात जाते, सबब चाळीस-पंचेचाळीस टनांची चार-पाच कुंडे अहोरात्र भरलेली असतात. तापमान दर सहा-सात अंशांनी उतरले, की चिकटपणा साधारण दुप्पट होतो. म्हणजे पॅनमधून सुटताना जे द्रव्य कुंडात संथपणे पसरले, तेच थंडीअखेर दसपटीहून अधिक घट्ट होऊन, आळलेल्या पिठल्याप्रमाणे हाताला जड लागते. पाण्याशी तुलना केली तर त्या वेळचा चिकटपणा काही लक्ष पट भरतो, आणि रेनॉल्ड्सचा तो प्रख्यात आकडा, जो चुन्याच्या टाकीत लाखांनी मोजावा लागतो, तो येथे एकाच्याही खाली उतरतो.

अशा द्रव्याला फेरे कमीच द्यावे लागतात. मिनिटाला अर्धा फेरा म्हणजे दोन मिनिटांत एक. आणि गंमत अशी, की या कुंडालाही अनेक ठिकाणी पाच एच.पी.चीच मोटर असते. नेमप्लेट तीच, १,४४० फेरे तेच. परंतु १,४४० वरून अर्ध्यावर यावयाचे म्हणजे २,८८० पट उतार हवा. मोटरच्या दांड्यावरचा पीळ, ज्याला कारखान्यात सर्रास टॉर्क म्हणतात, तो साडेचोवीस न्यूटन-मीटर; गिअरांत चाळीस टक्के शक्ती उष्णतेत गेली असे धरले, तरी कुंडाच्या दांड्यावर तो ४२,००० न्यूटन-मीटरच्या वर भरतो, म्हणजे दांड्यापासून एक मीटरवर सव्वाचार टनांचे ओझे लोंबकळत ठेवल्यासारखे. चुन्याच्या टाकीतील दांड्यावर तीच मोटर पूर्ण ताकदीने जेमतेम ३८ किलोग्रॅम-मीटर पीळ देते. एका छपराखाली, एकाच मागणीपत्रान्वये आलेल्या, एकाच रंगाच्या दोन मोटरी, आणि पलीकडच्या टोकाला पिळात शंभर पटींहून अधिक अंतर! येथे विकत घ्यावयाची मुख्य वस्तू गिअरबॉक्स असते आणि मोटर ही तिच्या मागे लावलेली किरकोळ बाब. पण दरपत्रकांत क्रम नेमका उलटा असतो, मोटरच्या मेकवर तासभर चर्चा होते आणि वर्म-व्हीलचा दाता कोणत्या काशाचा, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

मग ही मोटर पाच एच.पी.ची असावी की साडेसात, हे ठरवावयाचे कोणी? केमिस्टला मॅसेक्युईट आणखी दोन-तीन अंश थंड हवे असते, कारण तेवढ्याने मळीतून वाया जाणारी साखर कमी होते आणि रिकव्हरीचा आकडा सुधारतो. इंजिनिअरला ते दोन-तीन अंश गरम हवे असते, कारण प्रत्येक अंशागणिक दात्यांवरचा भार वाढतो. मोटरचे माप हे वस्तुतः या दोन खात्यांमधील तहनाम्याचे माप आहे. तापमानाचा तळ, घट्टपणाची मर्यादा आणि फेऱ्यांची संख्या या तीन गोष्टी दोघांनी सही करून दिल्या, तर उरलेला हिशेब पदविकेचा विद्यार्थीही करील; आणि त्या दिल्या नाहीत, तर कितीही नामांकित सल्लागार आणला तरी त्याने काढलेला आकडा हा शेवटी अंदाजच. हिशेब नेहमीच्या दिवसाचा न करता त्या द्रव्याच्या सर्वांत वाईट घटकेचा करावयाचा असतो, आणि ती घटका कोणती हे पॅनमनला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

ती घटका बहुधा चालत्या यंत्राची नसते, थांबलेल्या यंत्राची असते. बॉयलरचा दाब पडला, टर्बाइन बसले आणि कुंड तीन-चार तास निश्चल राहिले, की आतील दाणे खाली बसतात, द्रव्य कडेने थिजते, आणि पुन्हा बटण दाबताना मोटरला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पिळाशी झुंजावे लागते. अशा जागी स्टार-डेल्टा स्टार्टर बसविणे ही शुद्ध आत्मवंचना होय. कारण स्टारमध्ये मोटरचा आरंभीचा पीळ तृतीयांशावर येतो, दांडा हलत नाही, आणि टायमर भरताच डेल्टाचा धक्का बसून जे टाळावयाचे तेच घडते. हा स्टार्टर पंप आणि पंख्यांसाठी योग्य आहे, आणि पंपांच्या सवयीनेच तो सर्वत्र बसविला जातो. त्यातच वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलेले असले, तर पीळ व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्यामुळे तो एकोणीस टक्क्यांनी कमी होतो. अनुभवी माणसे अशा वेळी घाई करीत नाहीत. कुंडातील नळ्यांत गरम पाणी सोडून, वरून गरम मळी घालून द्रव्य सैल करून घेतात आणि मगच बटण दाबतात. नुसते पाणी ओतून पातळ करणे हा सोपा मार्ग आहे खरा, पण त्याने दिवसभर थंड करून दाण्यांवर बसविलेली साखर पुन्हा मळीत जाते.

यावर सर्वांत लोकप्रिय तोडगा म्हणजे मोठी मोटर. पाचची अडते, दहाची लावा! हा तोडगा इतका सरळ वाटतो की त्याचा अपाय समजावून सांगावा लागतो. छोटी मोटर अडली तर थांबते, रिले पडतो, दहा मिनिटे शिव्याशाप होतात, आणि नुकसान तेथेच संपते. पिंजरा-रोटरची मोटर क्षणभर आपल्या नेमप्लेटच्या दुपटीहून अधिक पीळ देऊ शकते. पाचची मोटर त्या क्षणी कुंडाच्या दांड्यावर साडेआठ टनांचा भार टाकते, तर दहाची सतरा टनांचा. दांडा, चाव्या, कपलिंग आणि वर्म-व्हील जुन्याच मोटरच्या हिशेबाने घडविलेली असल्याने अडलेल्या कुंडाशी आता मोटर हरत नाही, दांडा हरतो. आणि भर हंगामात चाळीस टन थिजलेले मॅसेक्युईट फावड्याने उपसून दांडा बाहेर काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले असेल ते मोठ्या मोटरचे नाव पुन्हा काढणार नाहीत. दांड्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दुप्पट पीळ सोसावयाचा तर व्यास सव्वापटीहून थोडा अधिक हवा, त्याबरोबर बेअरिंगा, ग्लँड, दाते सर्वच बदलावयास हवे. मोटर वाढविणे म्हणजे सबंध यंत्र नव्याने मंजूर करून घेणे आहे, आणि तितकी तयारी नसेल तर निदान शिअर पिन किंवा टॉर्क लिमिटर यांची तरतूद तरी आधी व्हावी.

अमळनेरच्या बाजूला वळले म्हणजे प्रश्नाचे निराळे अंग दिसते. वनस्पती तुपाच्या धंद्यात तेलात निकेलचा उत्प्रेरक घालून, दीडशे अंशांच्या वर तापवून त्यात हायड्रोजन सोडतात, आणि वायूचे बुडबुडे बारीक होऊन सर्वत्र पसरावेत म्हणून पाते जोराने फिरवितात. वायू चालू असताना पात्यामागे पोकळ्या तयार होऊन त्याला कमी द्रव लागतो, त्यामुळे शक्तीही तिसऱ्या हिश्श्याने, प्रसंगी निम्म्याने कमी लागते. या सुखाच्या आकड्यावर मोटर निवडली, की ज्या दिवशी वायू बंद करून पाते फिरते ठेवावे लागेल त्या दिवशी ती उघडी पडते. येथे दोन पक्ष आहेत: एक म्हणतो, मोटर वायूविरहित तेलाच्या हिशेबानेच घ्यावी, दुसरा म्हणतो, वायू बंद होताच फेरे आपोआप उतरतील अशी विजेची तजवीज करावी आणि मोटर लहान ठेवावी. दुसरा पक्ष काटकसरीचा आहे, परंतु ती तजवीज बिघडली तर काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. लहान कारखान्याने पहिल्याच मार्गाने जावे असे मला वाटते.

जळगावच्या पीव्हीसीच्या मिक्सरमध्ये तर मोटरचा धर्मच पालटतो. रेझिनची भुकटी, खडूची पूड, स्टॅबिलायझर आणि मेण ही सामग्री वेगवान पात्याने इतकी घुसळतात की घर्षणानेच ती ११०-१२० अंशांपर्यंत तापते आणि मग शेजारच्या थंड मिक्सरमध्ये ओतली जाते. येथे ढवळणे हे निमित्त, तापविणे हे काम. म्हणून हिशेबही उष्णतेचाच करावा. शंभर किलोचा घाण नव्वद अंशांनी तापवावयाचा, किलोस अंशामागे सुमारे एक किलोज्यूल, म्हणजे नऊ हजार किलोज्यूल. ते आठ मिनिटांत द्यावयाचे तर पावणेएकोणीस किलोवॅट पात्यातून सतत उतरले पाहिजेत, आणि घट व गळती धरता बावीस ते तीस किलोवॅटची मोटर लागते. मालकाला घाण सहा मिनिटांत हवा असेल तर मोटर त्या प्रमाणात मोठी, यात वाद नाही. अशी साधी त्रैराशिकाची स्थिती ढवळणीच्या अन्य प्रकारांत क्वचितच लाभते.

मात्र याच मिक्सरला खानदेशी उन्हाळा नडतो. मोटरची नेमप्लेट भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे असे गृहीत धरून लिहिलेली असते, आणि जळगावचा मे महिना ४५ अंश ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या मिक्सरशेजारी किती असेल ते वेगळे सांगावयास नको. ४५ अंशांस पाच टक्के आणि ५० अंशांस सातआठ टक्के शक्ती वजा धरावी असा साधारण संकेत आहे. साखर कारखान्याचा हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत चालत असल्यामुळे तो यातून सुटतो असे वाटते, पण पॅन हाउसच्या मजल्यावर पौषातही उन्हाळाच असतो.

अलीकडे फेरे हवे तसे कमी-जास्त करणारे ड्राइव्ह स्वस्त झाल्याने पुष्कळांनी या सर्व चिंतेला रजा दिली आहे. घट्ट द्रव्यात फेरे निम्मे केले, की पीळ निम्मा व शक्ती चौथाई होत असल्याने, आळलेल्या कुंडाला सावकाश सोडविण्यास हे साधन खरोखर उत्तम आहे, आणि उंच उभ्या क्रिस्टलायझरना प्लॅनेटरी गिअरबरोबर ते बसविण्याची रीत आता रूढ होत आहे. परंतु मोटरचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. फेरे चतुर्थांश केले तर वाराही मंदावतो आणि पीळ तोच राहिला तर उष्णताही तीच राहते, म्हणून अशा जागी स्वतंत्र पंख्याची मोटर मागवावी लागते, आणि मागणीपत्रातील ही एक ओळ हमखास राहून जाते.

उलट बाजूस, भीतीपोटी दुप्पट घेतलेली मोटर वर्षानुवर्षे तीस टक्के भारावर फिरत राहिली, तर तिचा पॉवर फॅक्टर निम्म्याच्या आसपास रेंगाळतो आणि उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचमध्ये होऊ लागल्यापासून तो भुर्दंड थेट बिलात उतरतो. खानदेशातील कित्येक सहकारी कारखान्यांना बंद पडण्याचे, भाड्याने जाण्याचे, पुन्हा पेटण्याचे प्रसंग आले. तेथे तीन-चार वेळा रिवाइंड झालेल्या, मूळ नेमप्लेटही शाबूत नसलेल्या मोटरी कुंडांवर बसलेल्या असतात, आणि त्या जागी नवी किती एच.पी.ची घ्यावी हा प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर येतो. तेव्हा टाँग टेस्टर लावून अँपिअर मोजण्याचा प्रघात आहे. पाच एच.पी.ची मोटर पूर्ण भारावर साडेसात अँपिअर घेते; चारच्या आतबाहेर दिसले, की ‘निम्मा भार आहे’ असा शेरा दफ्तरी पडतो. पण हीच मोटर पट्टा काढून रिकामी फिरविली तरी तीन-सव्वातीन अँपिअर घेते, कारण त्यातला बराचसा प्रवाह चुंबकत्वाच्या पोटी जातो; सबब चार अँपिअरचा अर्थ निम्मा भार नसून जेमतेम पाव भार असा होतो. अँपिअरच्या जागी वॉटमीटर लावावा, आणि तो दुपारी साहेब फेरीवर असताना न लावता, कुंड सर्वांत थंड झालेले असेल आणि पुन्हा गरम पाणी सोडलेले नसेल अशा पहाटेच्या पाळीत लावून दोन-तीन तास वाचावा. त्या वाचनात गिअरची घट आयतीच आलेली असते, तीत पंधरा-वीस टक्के भर घालून बाजारातील पुढचे प्रमाणित माप घेतले, म्हणजे मागणीपत्र भरावयास हरकत नाही.